झेंडा ठरेपर्यंत

युरोपचा झेंडा ठरायला पाच वर्षं लागली, आणि तेवढा सगळा काळ आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आपल्या मुलाची मिस्सा, चर्चमधली अंत्यप्रार्थना, थांबवून ठेवली होती. या दोन गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्या हे सांगू शकणारा आता मी एकटाच उरलो आहे. मला ते नीट सांगता येईल याची खात्री नाही. पण मी नाही सांगितलं तर कुणीच सांगणार नाही, एवढं मात्र खरं.

मी तेव्हा स्ट्रासबर्गमध्ये युरोप परिषदेच्या कचेरीत अनुवादक होतो. त्याआधी बरीच वर्षं ग्रंथालयात काढली होती. माणसांपेक्षा कपाटांची सवय जास्त. परिषदेला स्वतःचा झेंडा हवा, असं ठरल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली आणि कानाकोपऱ्यातून नमुने यायला लागले. शाळामास्तर, निवृत्त अधिकारी, नन, हौशी चित्रकार, सगळे पाठवायचे. प्रत्येक नमुन्याचं चार ओळींत वर्णन करायचं आणि पाठवणाऱ्याचे आभार मानायचे, हे काम माझ्याकडे होतं. समोरच्या टेबलावर डीरिक्स नावाचा बेल्जियन बसायचा. टपाल फोडता फोडता तो मला हवामान सांगितल्यासारखं सांगायचा, "तेओफिल, आज दोन सूर्य, एक सिंह आणि कोंबडा अर्धवट."

नमुने पुष्कळ होते, पण पसंत पडेल असा एकही नव्हता. क्रूस आला तर तुर्कस्तानला नको. सूर्य दुसऱ्या कुणाच्या झेंड्यावर आधीच बसलेला. पांढऱ्यावर मोठं हिरवं अक्षर पाहून समितीतल्या एका गृहस्थांनी, ही दुकानाची पाटी आहे का, असं विचारलं. कुठलंही चिन्ह घ्या, ते कुणाचं तरी निघायचंच, आणि ज्याचं निघेल त्याच्या शेजाऱ्याला ते खपायचं नाही.

हे सगळं मी रविवारी मादाम ओस्टरटाग यांना सांगत असे. सांगण्यासारखं दुसरं माझ्याकडे नसायचं.

मादाम फिलोमेन ओस्टरटाग क्रुतनाउ भागातल्या आमच्या जुन्या घरात पहिल्या मजल्यावर राहत, मी दुसऱ्यावर. त्या विधवा होत्या. सगळं आयुष्य त्यांनी झेंडे आणि चर्चची वस्त्रं शिवणाऱ्या एका दुकानात काढलं होतं. रविवारी दुपारी त्या कांद्याचा टार्ट करायच्या आणि एकटीला संपत नाही असं म्हणून मला खाली बोलवायच्या. आम्ही समोरासमोर बसून खायचो, थोडी वाइन घ्यायचो. त्या बोलायच्या, मी मान हलवायचो. त्यांना मी आवडायचो की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी घरात होतो, एवढंच कदाचित पुरेसं असेल.

त्यांचा एकुलता एक मुलगा आर्बोगास्ट. घरात आर्बो. जर्मनांनी आमचा सीमेवरचा फ्रेंच प्रांत आल्सास घेतल्यावर आमच्या मुलांना त्यांनी आपले सैनिक म्हणून उचललं, आणि गेला नाहीस तर आईबापांना नेऊ, अशी धमकी असायची. आर्बो गेला. त्यांच्या गणवेशात रशियाच्या आघाडीवर गेला आणि तिकडेच कुठेतरी नाहीसा झाला. माझे डोळे अधू, म्हणून मला ना फ्रेंचांनी नेलं ना जर्मनांनी. मादामच्या समोर बसताना मला जाड चष्म्याची नेहमी लाज वाटायची. त्यांनी मात्र त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

युद्ध संपल्यावर रशियातून कैद्यांच्या गाड्या यायच्या, तेव्हा त्या इतर आयांबरोबर स्टेशनवर आर्बोचा फोटो छातीशी धरून उभ्या राहायच्या. उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या. मग गाड्या यायच्या बंद झाल्या. काही वर्षांनी न्यायालयाचा कागद आला: बेपत्ता, मृत मानण्यात यावा.

कागद आल्यावर आमच्या चर्चचे फादर एर्हार्ट त्यांच्याकडे येऊन गेले. देह नसला तरी मिस्सा होते. चर्चच्या मध्यभागी शवपेटीच्या मापाचा लाकडी सांगाडा मांडतात, वर कापड पांघरतात, भोवती मेणबत्त्या लावतात, आणि आत माणूस आहे असं धरून फादर पवित्र पाणी शिंपडतात. लढाईत गेलेल्याच्या सांगाड्यावर काळ्या कापडाऐवजी झेंडा असतो. प्रश्न तिथेच आला. आर्बोच्या सांगाड्यावर कुठला झेंडा घालायचा?

जर्मन झेंड्याचा विषय कुणी काढलाच नाही. फ्रेंच तिरंग्याचं कापड आमच्या भागातल्या माजी सैनिकांच्या मंडळाकडे असायचं. मंडळाचे प्रमुख गांगलोफ नावाचे, मिशीवाले, आवाज मोठा, माणूस सरळ. ते स्वतः मादामच्या घरी आले. मी तिथेच बसलो होतो, आणि मला उठून जावंसं वाटत होतं. ते म्हणाले, आर्बो आमचाच पोरगा, आम्ही कापड घालू, त्याच्या अंगावर कुठला गणवेश होता हे कुणी विचारणार नाही.

मादामनी त्यांना वाइन ओतली आणि म्हणाल्या, "विचारणार नाहीत म्हणजे सगळ्यांना माहीत असणार आणि सगळे गप्प बसणार. माझ्या पोराला मी असं झाकणार नाही, गांगलोफ. आणि तुमच्या त्या तिरंग्यातला लाल पट्टा कुठून आला तेही मला ठाऊक आहे. मीच शिवलाय तो."

गांगलोफांनाही ते ठाऊक होतं. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात शहर जर्मनांच्या हातून सुटलं तेव्हा नवीन कापड कुठेच मिळत नव्हतं. जर्मनांनी प्रत्येक घराला लावायला लावलेले लाल झेंडे मात्र घरोघरी पडलेले. लोक ते घेऊन दुकानात यायचे. मादाम मधलं स्वस्तिकाचं पांढरं वर्तुळ उसवायच्या, लाल कापड तिसऱ्या हिश्शाला कापायच्या आणि निळा-पांढरा पट्टा जोडून द्यायच्या. आठवडाभरात आमच्या गल्ल्यांमध्ये तिरंगे फडकू लागले. त्यांतला लाल रंग बहुतेक तोच होता. आमच्याकडे हे कुणाला विचित्र वाटत नाही. कापड चांगलं होतं.

गांगलोफ गेल्यावर त्या टेबलावरचे तुकडे गोळा करत बसल्या. नुसतं काळं कापड घालायलाही त्या तयार नव्हत्या. म्हणाल्या, काळं तर म्हातारपणी अंथरुणात मेलेल्याला घालतात. काळं घातलं म्हणजे तो कुणासाठी गेलाच नाही, नुसता गेला.

मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या कचेरीत ते जे चाललंय, त्या झेंड्याचं कुठलं सैन्य आहे का?"

मी म्हणालो, सैन्य नाही.

"आणि त्याच्याखाली अजून कुणी मेलेलं नाही?"

मी म्हणालो, झेंडाच अजून नाही, तर त्याच्याखाली कोण मरणार.

"मग तो ठरला की सांगा," त्या म्हणाल्या. "माझ्या आर्बोला तो चालेल."

त्यांनी तसा निरोप फादरांनाही दिला. फादर हसले नाहीत. थांबू म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी टार्ट कापण्याआधी त्या विचारायच्या, झालं का काही. मी जे असेल ते सांगायचो. निळ्या रंगावर एकमत होत आलं तेव्हा त्यांनी जुन्या दुकानातून निळं कापड आणून ठेवलं. निळ्यावर सोनेरी ताऱ्यांचं वर्तुळ, असं पुढे आलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. चर्चच्या वस्त्रांचं पिवळं रेशीम त्यांच्याकडे होतंच. परिषदेत पंधरा सभासद, म्हणून पंधरा तारे. सभेने ते मान्य केल्याचं मी सांगितलं आणि त्यांनी वाट न पाहता शिवायला घेतलं. मी म्हणालो, मादाम, मंत्र्यांची मंजुरी अजून बाकी आहे. त्या म्हणाल्या, मंत्री काय, चहा पिऊन सही करतील.

मंत्र्यांनी सही केली नाही. आडवा आला तो सार. हा कोळशाचा छोटासा मुलूख, फ्रान्स आणि जर्मनीच्या मध्ये सापडलेला, आमच्यासारखाच. युद्धानंतर तो कुणाचा हे ठरलेलं नव्हतं, पण परिषदेत त्याला वेगळी खुर्ची होती. जर्मन म्हणाले, साराला वेगळा तारा दिला तर तो वेगळा देश मानल्यासारखं होईल. मग चौदा करा, असं कुणी सुचवलं, तर सारवाले म्हणाले, म्हणजे आम्हाला खोडून टाकता का. तेरा? तेरा अशुभ.

मी हे सांगितलं तेव्हा त्या पंधराव्या ताऱ्याचा शेवटचा टाका घालत होत्या. सुई तशीच धरून म्हणाल्या, "एवढी शिकलेली माणसं, आणि तेराला भितात?" आणि मग थोड्या वेळाने, "म्हणजे त्या सारच्या पोरांचंही आमच्यासारखंच."

त्यांनी सगळे तारे उसवले, कारण वर्तुळातला एक काढून भागत नाही, सगळ्यांच्या जागा बदलतात. निळ्या कापडावर टाक्यांची बारीक भोकं राहिली. नखाने घासून ती बुजवत त्या खिडकीशी बसायच्या. मला वाटलं त्या चिडतील. चिडल्या नाहीत. उलट त्या हिवाळ्यात त्या जरा खुशीत होत्या असं मला आठवतं. डीरिक्सला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, समितीवर खूश असलेली युरोपातली ती एकटीच बाई असेल. तिला सभासद करून घ्या."

मी हसलो, पण मला तेव्हा काही कळलं नव्हतं. पुस्तकं वाचून माणसांतलं फारसं कळत नाही, निदान मला नाही.

पंचावन्नच्या वसंतात रशियातून एक जण परत आला. आल्सासचाच, युद्ध संपून दहा वर्षं झाल्यावर. वर्तमानपत्रात त्याचा फोटो होता, गाव त्याच्या स्वागताला लोटलं होतं. मादामनी तो फोटो कापून दिवाणखान्याच्या आरशात खोचला. त्या रविवारी त्यांनी टार्टऐवजी कोंबडी केली होती. जेवताना त्या सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "एक आला ना. मग दुसराही येऊ शकतो." मी मान हलवली. मग त्यांनी नेहमीप्रमाणे झेंड्याचं विचारलं. मी म्हणालो, अजून भांडताहेत. त्या म्हणाल्या, भांडू दे, आणि माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

डिसेंबरात झेंडा ठरला. निळ्यावर बारा सोनेरी तारे. बारा म्हणजे कुणाचेही नव्हेत, सभासद कितीही वाढोत वा कमी होवोत, बाराच राहणार. कचेरीत टाळ्या झाल्या. डीरिक्सने कुठूनशी बाटली आणली. मला फार आनंद झाला होता. कुणाला तरी द्यायला माझ्याकडे चांगली बातमी असल्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात थोडेच आले, त्यामुळे मी बाटली अर्धी टाकून निघालो. बर्फाचा पातळ थर होता, तरी ट्रामची वाट न पाहता चालत आलो. जिने चढून मादामचा दरवाजा वाजवला आणि उंबऱ्यातूनच सांगितलं की ठरला, बारा तारे.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"इतक्यात?" त्या म्हणाल्या.

मला वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. मी पुन्हा सांगितलं की पाच वर्षांनी का होईना, ठरला, सगळ्यांनी मान्य केला, आता बदल नाही.

"पाच वर्षं तुम्ही सांगत होतात की ठरत नाही म्हणून. मला वाटलं, हे काही ठरवत नाहीत." त्यांचा हात दाराच्या कडीवर होता. "आता मला त्याला मारावं लागणार, मस्यू तेओफिल."

आणि त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. मी टोपी हातात धरून तिथेच उभा राहिलो. दार पुन्हा वाजवावं का, याचा बराच वेळ विचार केला आणि मग वर गेलो.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी बोलावलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. नाताळ गेला. जिन्यात भेटल्या की त्या मान लववायच्या, मीही लववायचो. मी माझ्या खोलीत पाव आणि चीज खायचो आणि पुस्तक उघडून बसायचो. खालून काही आवाज येतो का ते ऐकत राहायचो. एकटेपणाची मला चांगली सवय आहे असं मी समजत होतो. ती सवय आठवड्यातल्या सहा दिवसांची होती, हे मला तेव्हा कळलं.

जानेवारीत एका सकाळी खालून शिवणयंत्राचा आवाज आला. थोडा वेळ चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. दुपारी त्या वर आल्या. माझ्या खोलीत त्या यापूर्वी कधी आल्या नव्हत्या. पुस्तकांच्या ढिगाऱ्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि बसल्या नाहीत.

"ताऱ्याचं टोक वर असतं की खाली?"

"वर," मी म्हणालो. "प्रत्येक ताऱ्याचं एक टोक सरळ वर."

"बरं झालं विचारलं," त्या म्हणाल्या. आणि जाता जाता, शनिवारी सकाळी मिस्सा आहे, आलात तर बरं, असं सांगून गेल्या.

फादर एर्हार्टांनी झेंड्याला हरकत घेतली नव्हती. निळा रंग पवित्र मरियेचा आहे, बिशपांनी विचारलंच तर तेवढंच सांगेन, असं ते म्हणाले म्हणे.

शनिवारी चर्चमध्ये फारच थोडी माणसं होती. मादाम पहिल्या बाकावर एकट्या. मी दोन बाक मागे बसलो होतो. त्यांच्या शेजारी बसायला हवं होतं की काय, हा विचार मिस्साभर माझ्या डोक्यात होता. दोन-तीन म्हाताऱ्या बायका होत्या, ज्यांचीही पोरं तिकडेच राहिली होती. डीरिक्स आला होता, मला न सांगता, आणि खांबाशी उभा होता. गांगलोफ एकटे आले होते. छातीवर पदक नाही, मंडळाचा झेंडा नाही, टोपी काखेत धरून शेवटच्या रांगेत.

मधोमध सांगाड्यावर तो निळा झेंडा पसरलेला होता. मेलेल्या माणसासाठी पांघरलेला मी तरी तो पहिल्यांदाच पाहत होतो, आणि कदाचित तसा तो जगात कुणीच पाहिला नसेल. मेणबत्त्यांच्या उजेडात पिवळं रेशीम हलल्यासारखं वाटायचं. जुन्या टाक्यांच्या भोकांचं एक मोठं वर्तुळ बारा ताऱ्यांच्या मधून अंधुक दिसत होतं. मागे एका बाईने कुजबुजत विचारलं, हा कुठल्या देशाचा. गांगलोफांना आवाज खाली आणणं कधी जमलं नाही. ते म्हणाले, "अजून तरी कुठल्याच नाही." ते सगळ्या चर्चला ऐकू गेलं. मादामनी मागे वळून पाहिलं नाही.

फादरांनी आर्बोचं पूर्ण नाव घेतलं, आर्बोगास्ट मारी ओस्टरटाग, आणि सांगाड्याभोवती फिरून पवित्र पाणी शिंपडलं. निळ्या कापडावर थेंबांचे काळपट ठिपके पडले. ऑर्गन वाजला, थांबला. माणसं मादामचा हात दाबून निघून गेली. चर्चचा सेवक मेणबत्त्या विझवत आला आणि सांगाड्याशी थबकला. त्याला तो मोडून ठेवायचा होता. दुपारी बाप्तिस्मा होता.

तिरंगा असला की मंडळाचे दोन जण पुढे येतात, तो उचलतात, ठरलेल्या पद्धतीने दुमडतात आणि घेऊन जातात. सगळ्यांनी गांगलोफांकडे पाहिलं. ते दोन पावलं पुढे आले आणि थांबले.

"याची घडी कशी घालतात मला माहीत नाही," ते म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज खरोखरच खाली आला होता. "आमच्याची माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी परिषदेचा माणूस म्हणून. मलाही माहीत नव्हतं. त्याबद्दल कुठे काही लिहिलेलं मी वाचलं नव्हतं.

मादाम उठल्या. सांगाड्याच्या डोक्याच्या बाजूला गेल्या आणि मला म्हणाल्या, "या. तुमच्या बाजूची टोकं धरा."

मी पायाच्या बाजूला उभा राहिलो. आम्ही झेंडा उचलला. खाली आधाराचे दोन लाकडी घोडे, चार फळ्या आणि एक जुनी दोरी होती, बाकी काही नाही. त्या बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. मी टोकं धरून उभा होतो, हात भरून आले तरी हललो नाही. पाच वर्षं त्यांनी जे पुढे ढकललं होतं ते एवढंच होतं, एवढ्या फळ्या, आणि आता ते त्यांना दिसत होतं.

"नाहीच तो इथे," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नव्हे.

मग त्यांनी कापड ताणलं. चादर दुमडावी तसं आम्ही ते दुमडलं. कडेला कड लावली, त्या पुढे आल्या, मी पुढे गेलो, माझ्या हातातली टोकं त्यांनी आपल्या हातात घेतली, मी खाली वाकून मधली घडी उचलली, पुन्हा मागे सरलो. मला ते जमत नव्हतं. माझी कड सारखी सुटायची. "घट्ट धरा," त्या म्हणाल्या, आणि मी घट्ट धरली. शेवटी तो उशीएवढा झाला. त्यांनी तो पोटाशी धरला.

आम्ही घरी चालत आलो. जिन्यात त्या आपल्या दाराशी थांबल्या, किल्ली शोधली. मी टोपी काढली आणि वर जायला निघालो.

"मस्यू तेओफिल," त्या म्हणाल्या, "उद्या मी स्वयंपाक करणार नाही. तुम्हीच काही आणा. काहीही. फक्त कचेरीतलं काही सांगू नका."

मी आणीन म्हणालो. वर खोलीत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की कचेरी सोडून आम्ही कशाबद्दल बोलणार, हे मला माहीत नाही. रात्रभर मी त्याचाच विचार करत होतो. दुसऱ्या दिवशी मी क्वेच जातीच्या जांभळ्या प्लमचा केक विकत घेऊन खाली गेलो, टेबलापाशी बसलो, आणि आम्ही दोघांनी तो न बोलता संपवला.